काचपट्टी

जि. बीड,
पाडव्याचा दुसरा दिवस, रात्री

प्रिय रमेश,
सप्रेम नमस्कार.

परवा तू फोनवर विचारलंस, पेशींना रक्त कमी पडलं की वाढणारं लॅक्टेट मोजायचं मशीन नसताना सेप्टिक शॉक, म्हणजे जंतुसंसर्गानं कोसळलेलं रक्ताभिसरण, आटोक्यात येतोय की नाही, हे तुम्हाला कळतं कसं? तेवढ्यात वॉर्डातून हाक आली आणि बोलणं राहिलं.

गेल्या आठवड्यात कारखान्यावरून परतलेल्या टोळीतली एक बाई आणली. चार दिवस थंडीताप, लघवीला जळजळ. फडात आडोसा नसतो म्हणून या बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत, तुला ठाऊक आहे. आली तेव्हा बरळत होती, वरचं बीपी 70, गुडघ्यांवर जांभळी जाळी. लगेच अँटिबायोटिक, सलाईन, हाताच्याच शिरेतून बीपी चढवणारं नॉरॲड. दीड लिटर गेलं आणि बीपी 100 वर आलं. पूर्वी मला एवढ्यावर हायसं वाटलं असतं.

या वेळी लॅबमधून मलेरियाच्या रक्तनमुन्याची काचपट्टी मागवली. उजव्या तर्जनीचं शेवटचं पेर, आतली मऊ बाजू. पांढरं पडेपर्यंत दाबायचं, 10 सेकंद धरायचं, सोडायचं. रंग 3 सेकंदांत परतायला हवा. तिचा सहाव्या सेकंदाला आला. बीपी सुधारलं होतं, पण पेरापर्यंत रक्त पोचत नव्हतं! मग दर अर्ध्या तासाला तेच. पाय उचलून धरले की पायांतलं रक्त हृदयाकडे येतं; त्यानं नाडी भरते का ते बघत सलाईन दिलं. भरेनाशी झाली तेव्हा थांबवून नॉरॲड वाढवलं. चौथ्या तासाला रंग वेळेत परतला आणि मगच तिला 108 मधून अंबाजोगाईला पाठवलं.

तुला इंटर्नशिपमधले ते बाबा आठवतात? आपण बाटलीवर बाटली लावत गेलो आणि पहाटे त्यांच्या तोंडाला फेस आला. ते मी अजून विसरलेलो नाही. लॅक्टेट सावकाश उतरतं, यकृत थकलेलं असलं तर आणखीच. तो आकडा उतरेना म्हणून पाणी ओतत राहिलं की फुप्फुसं भरतात.

दक्षिण अमेरिकेतल्या 5 देशांत 424 रुग्णांवर झालेली चाचणी 2019 साली आली. पेर बघून उपचार केलेल्या 212 पैकी 74 दगावले, लॅक्टेट बघून केलेल्या 212 पैकी 92. तरी हा योगायोग नाहीच, असं छातीठोक म्हणता येत नव्हतं. मग 2025 ची मोठी चाचणी, 19 देशांतली; या वेळी तुलना नेहमीच्या उपचारांशी. मृत्यू दोन्हीकडे जवळपास सारखेच. कमी झाले ते नॉरॲड, व्हेंटिलेटर, डायलिसिसवरचे दिवस. म्हणून "यानं जीव वाचतो" असं मी सिस्टरांना सांगत नाही. पण मुकादमाची उचल अजून फिटायची आहे अशा घराला आयसीयूतला एक दिवस वाचणं म्हणजे काय, हे तुला-मला सांगायला नको.

अडचण एकच. एक सिस्टर 3 मोजते, दुसरी 5. रात्री उजेड कमी, त्यात हात गार. तू जत्रेला येशील तेव्हा एक दुपार त्यांच्यासाठी राखून ठेव. तुझ्या आयसीयूत असे पेशंट रोजचेच. तुझ्या हाताखाली त्या लवकर शिकतील.

काल बाईच्या नवऱ्याचा फोन आला होता. तिनं अर्धी भाकरी खाल्ली म्हणे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता