60 रुपयांची किल्ली

आमच्या कॉलनीचे वॉचमन काका, सप्रेम नमस्कार.

समोर काही बोलायला गेलं की तुम्ही "जाऊ द्या ताई" म्हणून शिट्टी वाजवत पुढच्या फेरीला निघता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

जानेवारीतली ती रात्र. निफाडचा पारा उतरला की इकडे नाशकात इंदिरानगरातही बोटं वळत नाहीत. सव्वादोनला आईला दम लागला. पंप मारून उपयोग होईना, म्हणून 108 ला फोन केला. थोड्या वेळाने सायरन ऐकू आला, पण मागच्या बाजूने. मॅपने ड्रायव्हरला मागच्या गेटवर आणलं होतं आणि त्या गेटला रात्री दहापासून कुलूप. किल्ली अध्यक्षांच्या घरी, अध्यक्ष पुण्याला. नियम कमिटीचा, आणि कमिटीची सेक्रेटरी मीच.

मी धावत पोचले तर तुम्ही आधीच तिथे. कानटोपी, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात किल्ली. कुलूप निघालं, पण गेटचं दार गतिरोधकाला अडलं; बिजागरी खचल्याचं तुम्ही दिवाळीपासून सांगत होतात. तुम्ही खाली वाकून खांदा लावलात, लोखंड उचललंत आणि गाडी आत येईपर्यंत तसंच तोलून धरलंत. गाडीतल्या डॉक्टरांनी दारातच ऑक्सिजन लावला. आई आता ठणठणीत आहे. सकाळचा तुमचा चहा तीच पाठवते, म्हणून तो इतका गोड असतो.

किल्ली आली कुठून, हा प्रश्न मला दोन दिवसांनी पडला. आणि खरं सांगू? पहिला विचार कौतुकाचा नव्हता. वॉचमनने परस्पर डुप्लिकेट किल्ली केली, हे मनात खुपलंच. सेक्रेटरीपण अंगात भिनतं ते असं.

मग कुलूप लावायचं ठरलं ती मीटिंग आठवली. पलीकडच्या कॉलनीत सोनसाखळी गेली होती, त्यात बिबट्या दिसल्याची अफवा. (नाशकात बिबट्या ही दर वेळी अफवा नसते, हे मान्य.) तुम्हाला चहा द्यायला आत बोलावलं होतं. तुम्ही कप हातात घेऊन म्हणालात, "बिबट्याला गेट कशाला लागतं, तो भिंतीवरून येतो. गेट लागतं बंबाला." आम्ही हसलो आणि ठराव मंजूर केला. मे महिन्यात टँकर आत घेताना दोन्ही बाजूंना किती थोडी जागा राहते, हे त्या खोलीत फक्त तुम्ही पाहिलेलं होतं.

आता मी टेप घेऊन मोजलं. मागचं गेट पूर्ण उघडलं तरी सव्वातीन मीटर. राष्ट्रीय इमारत संहिता उंच इमारतींच्या आवारात बंब शिरायला किमान 6 मीटर रुंद प्रवेशद्वार मागते, आणि वर कमान असेल तर खाली 4.5 मीटर मोकळी उंची. आमची रो-हाउसेस ठेंगणी आहेत, पण बंब काही त्यांच्यासाठी बारीक होऊन येत नाही. शिवाय कॉलनीचा रस्ता महापालिकेच्या ताब्यात दिलेला. त्यावर कुलूप ठोकायचा हक्क आम्हाला कुणी दिला, याचं उत्तर परवाच्या मीटिंगमध्ये कुणाकडेच नव्हतं. कुलूप निघालंय, रात्री आता नुसती कडी. बिजागरीला वेल्डिंग झालं. गेट रुंद करायचं मात्र अजून वर्गणीपाशी अडलंय, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि तुमचं रजिस्टर. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद झालीच पाहिजे म्हणून आम्ही तुमच्या मागे लागायचो, पण वाचलं कुणी नाही. परवा मी सगळं वाचून काढलं. "12 नंबरचा नळ रात्रभर चालू. बंद केला." "9 नंबरची स्कूटी, किल्ली गाडीलाच. काढून ठेवली, सकाळी दिली." आणि 17 ऑगस्टच्या पानावर, त्याच वळणदार अक्षरात: "मागच्या गेटची डुप्लिकेट किल्ली केली. 60 रु. केबिनमध्ये खिळ्यावर आहे." तुम्ही काहीच लपवलं नव्हतं. शेजारी "तपासणाऱ्याची सही" असा रकाना, पाच महिने कोरा.

तिथे मी सही केली आहे, तारीख आजचीच घालून. 60 रुपये पाकिटात घालून त्याच पानात ठेवलेत. या वेळी "जाऊ द्या ताई" नको.

तुमची,
सात नंबरवाली ताई