झालर शिवायला लावणाऱ्या मास्तरांना

आदरणीय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

आमच्या पलंगाला झालर लागली. शिलाई किती घ्याल, एवढंच विचारायला मी आले होते. तुम्ही म्हणालात, "वहिनी, घरात मशीन आहे ना? मग सरळ टिपांचे पैसे मला कशाला देता?" गिऱ्हाईक असं परत पाठवणारा शिंपी मी तरी दुसरा पाहिला नाही. म्हणून हे जाहीर आभार.

पलंग सासऱ्यांच्या वेळचा, सागवानी, साडेसहा बाय सहा फूट. हल्लीच्या बॉक्सच्या पलंगांना झालर लागत नाही. आमच्या पलंगाखाली मात्र ट्रंका, पाहुण्यांच्या गाद्या, पितळी भांड्यांचं पोतं, सगळा संसार उघड्यावर.

दुकानात मला आठ मीटर कापड सांगितलं होतं. तुम्ही आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारलात. तुमचा हिशोब इथे मांडते, दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल. फळीपासून फरशी 16 इंच. आपल्याकडे फरशी रोज पुसायची, म्हणून झालर इंचभर वर, म्हणजे 15. खालची दुमड 2, वरच्या शिलाईला 1. झाले 18. पन्हा 54 चा घेतला तर त्यात 18 च्या बरोबर तीन पट्ट्या बसतात, आणि झालरीच्या बाजूही तीनच, कारण उशाकडची भिंतीला टेकलेली. लांब बाजू 78 इंच; चुण्यांसाठी दीडपट धरली की 117, म्हणजे तीन मीटरला जरा कमीच. आक्रसण्यासाठी पाव मीटर जास्त. सव्वातीन मीटरमध्ये अख्खा पलंग, आणि मध्ये कुठेही जोड नाही! मला तर हा हिशोब झालरीपेक्षा देखणा वाटतो.

कापडाचंही तुमचंच ऐकलं: केसमेंट, म्हणजे ते जाडसर सुती कापड घ्या, पातळ पॉपलिन पंख्याच्या वाऱ्यानं फुगतो. आधी पाण्यातून काढलं, वाळवलं, इस्त्री केली. मग तुमचं ते वाक्य, "कापू नका, फाडा." कापडाच्या कापलेल्या टोकाला कात्रीनं जरा चीर दिली आणि उभ्या धाग्यावर टर्रकन ओढलं. एवढी लांब पट्टी कात्रीनं इतकी सरळ मला जन्मात कापता आली नसती. पन्हा धुण्यात थोडा आटला, तेवढी खालची दुमड बारीक केली.

चुण्यांच्या बाबतीत तुम्ही दिलेली ताकीद सोन्यासारखी. एवढ्या लांबीवर एकच दोरा ओढायचा नाही, मध्येच तुटतो. पट्टीचे चार भाग करून खडूच्या खुणा करायच्या, मोठ्या टाक्याच्या दोन टिपा मारायच्या आणि प्रत्येक भागाचा बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, दोरा वेगळा ओढायचा. खालची दुमड मात्र चुण्या घालण्याआधीच शिवून टाकायची.

गादीखाली जाणाऱ्या भागाला नवं कापड घालू दिलं नाहीत, तेही बरं झालं. जुनी सोलापुरी चादर फळीवर अंथरली, कडेनं खडूची रेघ मारली, बाहेरचं कापून टाकलं आणि तिन्ही पट्ट्या तिला जोडल्या. जाड चादर, त्यामुळे जागची हलत नाही. 16 नंबरची सुई तुम्ही डबीतून काढून दिलीत. ती अजून माझ्याकडेच आहे. पायथ्याच्या कोपऱ्यांवर पट्ट्या सुट्या राहिल्यानं पलंगाचे खूर मोकळे राहतात आणि ट्रंक ओढायला हात आत जातो.

आता मिरजेच्या नणंदबाईंनाही झालर हवी आहे. त्यांचा पलंग 22 इंच उंच आहे आणि त्यांनी 36 पन्ह्याचं कापड आधीच आणून ठेवलंय. रविवारी त्यांना घेऊन तुमच्याकडे येते. पन्ह्याचं तुम्हीच सांगा, माझं त्या ऐकणार नाहीत.

आपली,
वरच्या मजल्यावरची वहिनी