गाणाऱ्या विनोदवीराची फर्माईश

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला स्टँड-अप विनोदवीरांवरचा लेख वाचला. हातात गिटार असली की लोकांना हसवणं सोपं जातं, असं लेखकाचं म्हणणं दिसतं. मी नऊ वर्षं अशा एका गाणाऱ्या विनोदवीरामागे कीबोर्डवर बसलोय, म्हणून हे पत्र.

नुसतं बोलणाऱ्याचा एखादा विनोद पडला तर तो पुढच्यावर उडी मारतो. गाण्यात ती सोय नाही. अंतरा सुरू झाला की सभागृह ढिम्म असलं तरी यमकापर्यंत जावंच लागतं. हशा मोठा आला तर आणखी पंचाईत, पुढची ओळ त्यात बुडते. माझ्या वहीत म्हणूनच सुरांपेक्षा पेन्सिलीचे गोल जास्त. गोल म्हणजे इथे हशा, तेवढा वेळ दोन सूर घोळवत राहायचं. किती वेळ, ते कुठल्याच वहीत लिहिता येत नाही. मी त्याच्या उजव्या टाचेकडे बघायचो. टाच उचलली की पुढची ओळ. (गायक म्हणून तो बेताचाच. ते त्यालाही ठाऊक होतं, आणि त्याचंही तो भांडवल करायचा.)

पियानोवर बसून हसवणारे व्हिक्टर बोर्ग तर मुळात डेन्मार्कचे तयारीचे पियानोवादक. १९४० साली नाझींमुळे देश सुटला, अमेरिकेत सिनेमे बघून इंग्रजी शिकले आणि १९५३ पासून ब्रॉडवेवर एकट्याच्या कार्यक्रमाचे ८४९ प्रयोग केले. नोटेशनचा कागद उलटा ठेवून वाजवायचे, स्टुलावरून पडू नये म्हणून पट्टा बांधायचे. ज्याला सरळ वाजवता येतं त्यानंच असं वाकडं वाजवावं.

खरी गोची पुढे आहे. बोलणाऱ्यानं जुना विनोद सांगितला तर लोक म्हणतात, संपला हा. गाणाऱ्यानं जुनं गाणं टाळलं तर तेच लोक ओरडून मागतात. विनोदी गाणी लिहिणारे-गाणारे टॉम लेहरर हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे गणिती. गाणी गाजत असताना, रोज तीच म्हणण्यात त्यांना गोडी उरली नाही आणि ते वर्गात शिकवायला परतले. २०२० मध्ये गाण्यांचे शब्द सगळ्यांसाठी खुले करून टाकले. रंगमंचावर गाण्यातून तर त्यांनी त्याच्या साठ-एक वर्षं आधीच हात झटकले होते! बो बर्नहॅम या अमेरिकी गाणाऱ्या विनोदवीराला रंगमंचावर पॅनिक अ‍ॅटॅक येऊ लागले तेव्हा त्यानं काही वर्षं प्रयोगच थांबवले. २०२१ चा त्याचा कार्यक्रम एका खोलीत, प्रेक्षकांविना केलेला आहे.

आमच्याकडेही तेच झालं. एका गाण्यातल्या शेवटच्या शब्दावर सगळी मदार होती. सहाव्या-सातव्या वर्षी लोक तो शब्द त्याच्याआधीच म्हणू लागले. टाळ्या वाढल्या, हशा गेला. तो विंगेत येऊन म्हणायचा, ‘‘आज आरतीच झाली रे!’’

मग एका प्रयोगात त्यानं मला न सांगता तो शब्द बदलला. आधी सगळं सभागृह जुना शब्द म्हणून बसलं, मागून याचा नवा आला. मला हसू आवरेना, बोट घसरलं. त्या रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये तो बेसूर आवाज आहे, आणि त्याच्यामागे हशा.

आपला,
एक साथीदार
(नाव छापू नये, ही विनंती)