“अण्णा, काम काय करता?” असं विचारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. रेडिएशननंतरच्या पहिल्या एमआरआयमध्ये माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, नाकात कर्करोगाच्या गाठीचा मागमूस नाही, हे फोनवर सांगितलंच. पण आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे पत्र.

अण्णांची उजवी नाकपुडी कित्येक महिने बंद होती. शिंकरताना अधूनमधून रक्त यायचं, त्याच बाजूच्या डोळ्यातून पाणी गळायचं. सर्दी, सायनस, उष्णता, सगळ्यांवर औषधं झाली. तुम्ही मात्र औषध लिहिण्याआधी विचारलंत, “दोन्ही बाजू बंद असतात की एकच?” आणि लगेच, “अण्णा, काम काय करता?” सुतारकाम म्हटल्यावर लाकूड कोणतं, पॉलिश पेपरचं घासकाम बंद शेडमध्ये की उघड्यावर, सगळं खोदून विचारलंत. इंग्लंडमधल्या हाय विकमच्या फर्निचर कारागिरांमध्ये नाकाचा हा कर्करोग १९६०च्या दशकात डॉक्टरांच्या नजरेत भरला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून जाहीर केली, हे तुमच्याकडूनच कळलं. आमच्या शेडमध्ये तोवर कुणी नाकाला रुमालही बांधला नव्हता.

दुर्बिणीतून लालसर, खडबडीत गोळा दिसला तेव्हा मी म्हणालो, आत्ताच तुकडा काढा. तुम्ही समजावलंत की काही गाठी रक्ताने भरलेल्या असतात, क्वचित मेंदूचं आवरणच नाकात उतरलेलं असतं, म्हणून आधी स्कॅन. सीटीत डोळ्यालगतचं पातळ हाड झिजलेलं दिसलं. एमआरआयमुळे गाठ किती आणि मागे नुसता साचलेला शेंबूड किती, ते वेगळं झालं. मग बायोप्सी केलीत. ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कर्करोग.

तो रिपोर्ट तुम्ही मला बाजूला घेऊन नाही, अण्णांना समोर बसवून सांगितलात. त्यांनी एवढंच विचारलं, “चेहरा कापावा लागेल का?” तुम्ही कागदावर नाकाचं चित्र काढून वाट दाखवलीत. हे ऑपरेशन मोठ्या ठिकाणीच व्हायला हवं, असं स्पष्ट सांगून परळच्या टाटा रुग्णालयासाठी चिठ्ठी दिलीत. तिथे नाकाच्या वाटेनेच, दुर्बिणीतून गाठ काढली. कवटीच्या तळाचं हाड जिथे काढावं लागलं, तिथे मांडीच्या स्नायूंवरचं आवरण घेऊन लावलं. चेहऱ्यावर एक टाका नाही.

अण्णांना आता वास येत नाही. साग कापला तरी काही कळत नाही, याची त्यांना फार हळहळ वाटते. नाकात खपल्या धरतात. तुम्ही शिकवलंत तसं सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याने नाक धुतो. तपासण्या आता वर्षानुवर्षं चालणार, हे त्यांनी मान्य केलंय.

शेडमध्ये भुसा ओढणारं मशीन बसवलंय. घासताना सगळे मास्क लावतात. आमच्या एका मिस्त्रींची डावी नाकपुडी पावसाळ्यापासून बंद आहे. ते टाळाटाळ करत होते, पण अण्णांनीच त्यांना राजी केलं. सोमवारी त्यांना घेऊन येतो.

कळावे,
आपला कृतज्ञ,
एका सुताराचा मुलगा