पदके घासू नका, कड वाचा: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

सातारा, रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत भिंतीत बसवलेली एक पाटी असते: इथून इतके जण १९१४-१९च्या महायुद्धावर गेले, इतके कामी आले. नुसता आकडा, नावे नाहीत. सैनिकांवरच्या शालेय प्रकल्पात आठवी-नववीच्या मुलांना तो आकडा नावांत उतरवायला सांगा. कारगिलची चित्रे चिकटवलेल्या वह्या पुष्कळ झाल्या.

सुरुवात घरच्या पदकापासून करावी. त्या युद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. तिरप्या उजेडात, भिंगातून वाचावी. ब्रासो, चिंच, राख काही लावू नये. चकाकी आणताना नेमकी हीच अक्षरे झिजतात. पदक चांदीचे नसून कांस्याचे निघाले तर हिरमुसू नये. लेबर कोअरच्या, म्हणजे सैन्याच्या मजूर पथकांतल्या, मजुरांना तेच मिळाले.

पुढे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या युद्धमृतांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची ऑनलाइन यादी. इथे मुले हमखास अडतात. यादी फक्त मृतांची आहे (४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७). सुखरूप परतलेले पणजोबा तिथे सापडणार नाहीत. आडनाव पुष्कळदा नसतेच. शिपायाचे नाव, बापाचे नाव, गाव, एवढेच. म्हणून गावाच्या नावाने शोधावे, तेही कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तशा तीन-चार स्पेलिंगांनी. मालवण, कणकवलीच्या मुलांनी जिल्हा रत्नागिरी धरावा. सिंधुदुर्ग झाला १९८१ साली. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर तर भारतीय अधिकाऱ्यांची नावे आणि शिपायांचा फक्त आकडा, गावच्या पाटीसारखाच.

आपल्याकडून हवे ते असे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने शाळेच्या पत्राला उत्तर द्यावे, असा लेखी आदेश. ट्रंकेतली पत्रे मोडीत असली तर वाचायला तालुक्याला एक मोडी जाणकार, मानधनासह. मूळ वस्तू शाळेत मागवू नयेत, मोबाइलवरचा फोटो पुरे. प्रदर्शनात गेलेले पदक परत येईलच असे नाही. वडील आज सैन्यात असतील तर त्यांचे ठाणे वहीत लिहायला लावू नये. आणि घरात कुणी शिपाई नव्हता त्या मुलाला वगळू नये. मुंबईच्या कितीतरी घरांत १४ एप्रिल १९४४चा गोदीतला स्फोट हीच युद्धाची आठवण आहे.

सजावटीला गुण ठेवू नका.

आपले,
सैनिकी कागदपत्रे वाचणारे काही शिक्षक व अभ्यासक