झाकणाखालची जाई

ट्रापानी, सिसिली

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतास, म्हणून लिहायलाच बसले. काल दुपारी उन्हानं जीव नकोसा झाला, बाबांचे पायही भरून आले, म्हणून सावली बघून एका गल्लीत शिरलो. तिथं एक दुकान होतं. पाटीवरची अक्षरं पुसट, दाराला मण्यांचा पडदा, आत दोनच खुर्च्या. मला वाटलं बंदच आहे, कारण आईस्क्रीम कुठं दिसेचना. बंदरावरच्या दुकानांत कसे रंगीत डोंगर रचलेले असतात, तसं काही नाही. नुसती स्टीलची बारा गोल झाकणं. जुन्या पद्धतीचा जिलातो, म्हणजे इथलं आईस्क्रीम, असाच खोल भांड्यात झाकून ठेवतात, म्हणजे हवा-उजेड लागत नाही आणि गारवा सगळीकडे सारखा राहतो.

दुकानातले आजोबा आधी चव देतात. पिस्ता बघितलास तर तू तोंड वाकडं करशील, इतका मळकट! वाळलेल्या मेंदीच्या पाल्यासारखा. पण तो एटना ज्वालामुखीच्या पायथ्याच्या ब्राँते गावचा, तिथली झाडं एक वर्षाआड पीक देतात. खरा पिस्ता वाटला की असाच दिसतो. तू परवा फोटो पाठवलेला तो पोपटी पिस्ता आठवला. ओंकार, तुझं आईस्क्रीमचं दुकान उघडायच्या आधी तो रंग काढून टाक. माझं एवढं ऐक.

मग त्यांनी कोपऱ्यातलं झाकण उचललं. जाई! जाईच्या या गोठवलेल्या प्रकाराला इथं स्कुर्सुनेरा म्हणतात. दूध अजिबात नाही. फुलं रात्रभर गार पाण्यात ठेवायची, उकळायची नाहीत, उकळलं की वास उडतो. सकाळी गाळून साखर आणि दालचिनी. पहिला चमचा तोंडात गेला आणि मला माझ्या आजीचा माठ दिसला. उन्हाळ्यात ती त्यात मोगरा टाकायची, पाणी पिताना फूल ओठाला लागायचं. आपल्याकडे फ्रिज आला आणि तुला मी ते पाणी कधी पाजलंच नाही, याचं काल फार वाईट वाटलं.

हे लोक गोठवलेल्या सरबताला सोर्बेत्तो म्हणतात, तो शब्द आपल्या सरबताचाच भाऊ, अरबस्तानातून आलेला. नवव्या शतकात अरब इथं आले, त्यांनी ऊस आणि लिंबं आणली. आणि गावाबाहेर मैलोगणती मिठागरं आहेत, पवनचक्क्यांसकट. यंत्रं नव्हती तेव्हा डोंगरावरचा बर्फ आणि मीठ यांवरच सगळं गोठवायचे. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे आपला पॉटच की!" तुला आठवतं ना, गोणपाटावर बसून तू दांडा फिरवायचास आणि मीठ घालायचं काम कुणाला करू द्यायचा नाहीस?

इथं सकाळी न्याहारीलाच पावात जिलातो घालून खातात. पावाच्या डोक्यावर छोटा गोळा असतो, त्याला अंबाडाच म्हणतात. बाबांनी आज दोन खाल्ले.

तुझ्या यादीतले चोवीस फ्लेवर मला जास्त वाटतात. त्यातले निम्मे काढ आणि एक मोगऱ्याचा घाल. माळ्यावरचा माठ उतरवून धुऊन ठेव. फुलं बाजारातली नकोत, औषध मारलेली असतात. गच्चीतल्या कुंडीला रोज पाणी घाल, सोमवारी मी आले की कळ्या काढू.

तुझी,
आई