लग्नाच्या परतभेटीबद्दल

नाशिक

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुमच्या दोघांचा फोटो छापलेले कप पाहुण्यांना द्यायचे, हा तुझा विचार कळला. ते नको. दुसऱ्याच्या लग्नाचा फोटो असलेल्या कपात कोणी रोज चहा पीत नाही. तुळशीची रोपंही नको. वैशाखातल्या उन्हात एसटीने येवल्या-मालेगावला जाणारा माणूस ओल्या मातीची पिशवी सांभाळणार कशी? खाऊन संपेल आणि पिशवी मागे उरेल, असं काहीतरी दे. आपल्याकडे त्यासाठी बेदाण्यांसारखं दुसरं काही नाही. निफाड-पिंपळगावची द्राक्षं चैत्रापर्यंत उतरतात, म्हणजे लग्नाच्या वेळी माल नवा असतो.

आधी मोजणी. माणसं मोजू नकोस, घरं मोज. साडेसहाशे नावांची यादी असली तरी घरं सव्वादोनशे-अडीचशेच निघतील. अडीचशे पिशव्या धर, त्यात ऐनवेळच्या वीसेक आल्या. प्रत्येकी १०० ग्रॅम म्हणजे २५ किलो. देठ, चुरा आणि वजनातली घट धरून २८ किलो घे.

घेताना मूठभर बेदाणे दाबून बघ. मूठ उघडल्यावर दाणे सुटे झाले पाहिजेत. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, तो माल उन्हाळ्यात आंबतो. फार पिवळाधमक, एकसारख्या रंगाचा आणि नाकाला झोंबणारा असेल तर गंधकाची धुरी जास्त झालेली असते. किंचित हिरवट-तपकिरी चालेल, दिसायला कमी पण खायला बरा.

पिशवीला मांजरपाट घे, ४५ इंच पन्ह्याचा, १८ मीटर. कापण्याआधी एकदा भिजवून वाळव; नाहीतर पहिल्या धुण्यात पिशवी आटते आणि नेफ्याला चुण्या पडतात. ६ बाय १८ इंचाचे तुकडे कापायचे, एका पन्ह्यात सात बसतात. मधोमध दुमडून दोन्ही बाजूंना शिवण आणि वर दोन इंच नेफा, की तयार पिशवी ५ बाय ७ ची होते. नाडी प्रत्येकी १६ इंच, म्हणजे एकूण १०२ मीटरच्या आसपास. शिंप्याकडे महिनाभर आधी टाक. लग्नसराईत त्यांच्याकडे ब्लाउजांचा ढीग असतो, तुझ्या पिशव्या तळाला जातील.

बेदाणे थेट कापडात भरायचे नाहीत. साखर सुटून डाग पडतात, आणि कार्यालयात मुंग्या कुठून येतात ते सांगायला नको. आत खाण्याच्या पदार्थांसाठीची जाड पिशवी, तोंड सीलरने बंद. भरायचं काम चार-पाच दिवस आधी, त्याहून लवकर नाही. तोवर माल थंड, कोरड्या जागी. तुमची नावं आणि तारीख कापडावर छापू नकोस, चिठ्ठीवर लिही. कोरी पिशवी लोक जिरं-लवंग ठेवायला वापरतात.

बेदाणे तीनशे रुपये किलो धरलेस तरी कापड, शिलाई, नाडी, चिठ्ठी मिळून एक नग पन्नासच्या आत बसतो. पत्रिकेत 'आहेर आणू नये' छापतोय, तेव्हा परतभेटही पाहुण्यांना अवघडायला लावणारी नको.

मामा-आत्या अशी पंधरा-वीस जवळची घरं वेगळी. त्यांना भांडीबाजारातून तांब्याची पळी-पंचपात्री घेऊ. नगावर भाव सांगितला तर वजन करून मागायचं. पातळ पत्र्याच्या वस्तूला हात लागताच पोचा पडतो. तांबं हाताळलं की काळवंडतं, म्हणून कागदात गुंडाळूनच ठेव.

वाटप स्टेजवर नको. तिथे रांग खोळंबते आणि लोक पिशवी जेवणाच्या टेबलावर विसरतात. पानसुपारीच्या टेबलाशी, दाराजवळ, आपल्याकडची एक मोठी बाई आणि एक चुलत भाऊ बसव. माणसं ओळखणारी बाई हवी, म्हणजे एका घरात तीन पिशव्या जात नाहीत. उरलेल्या कार्यालयातल्या वाढपी आणि सफाईवाल्यांना त्याच रात्री देऊन टाकायच्या.

कापड आणायला या रविवारी मेनरोडला जाऊ या, सकाळीच. दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

तुझी
आई